रक्ताला लेखाशीर्ष नव्हतं

चोरीचा माल म्हणून जप्त केलेल्या फ्रीझरमध्ये मी एका खुनाचे नमुने ठेवले, आणि कोर्टाचा हुकूम आल्यावर तो फ्रीझर झेंडूचा हार घालून, फोटो काढून, नमुन्यांसकट मूळ मालकाला परत दिला. मालकाचा धंदा मासळीचा.

एवढं वाचून पान उलटणार असाल तर खुशाल उलटा, गोष्ट तेवढीच आहे. संपादकांनी माझ्याकडे पोलीस खात्यातला एखादा थरारक अनुभव मागितला होता. मी उभ्या नोकरीत एकाही गुंडाचा पाठलाग केला नाही. माझं पोट आणि माझे गुडघे बघून एकाही साहेबाने तशी अपेक्षा ठेवली नाही. शेवटची बरीच वर्षं मी पनवेलच्या बाजूच्या एका ठाण्यात मुद्देमाल सांभाळला आणि सहायक फौजदार म्हणून घरी आलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथे आता नवी माणसं आहेत, त्यांना माझा शेजार कशाला?

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याच्या संबंधात पोलिसांनी ताब्यात घेतलेली कुठलीही वस्तू. पंचांसमोर ती पाकिटात घालायची, दोरा गुंडाळायचा, गाठीवर लाख वितळवून शिक्का मारायचा, लेबलावर सह्या घ्यायच्या. खटला उभा राहील तेव्हा ती तशीच्या तशी कोर्टात न्यायची. मधल्या काळात ती माझी. हा मधला काळ कधीकधी एखाद्या मुलाच्या बारशापासून त्याच्या लग्नापर्यंत चालतो.

आमची खोली ठाण्याच्या मागे, पत्र्याची. आत मोटरसायकली, कोयते, गॅसच्या टाक्या, एका मंडळाचा ढोल, आणि दोन भावांच्या भांडणातला चौकटीसकट उखडलेला दरवाजा. त्या दरवाजाला मी टेकून डुलकी काढायचो. एकदा पळस्प्याच्या नाक्यावर चोरीची टेम्पोभर कोळंबी पकडली. मालक कोण ते ठरेपर्यंत ती माझ्या ताब्यात राहिली. शेवटी मालक ठरला, पण तोवर दोन्ही दावेदार म्हणायला लागले होते, 'साहेब, ती माझी नाहीच.'

रक्त, थुंकी, नखं हा माल मात्र निराळा. कोयता वर्षानुवर्षं पडून राहिला तर गंजेल, पण कोयताच राहील. रक्ताचं तसं नाही. ते अंगातून बाहेर आल्यावर लगेच नासायला लागतं. सुकवून कागदात ठेवलं तर बरंच टिकतं, ओलं असेल तर त्याला थंडावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही. डॉक्टर ओरडले, प्रयोगशाळेतून पत्रं आली, तसतसं कळत गेलं. सुरुवातीला मी सगळंच ओलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर झोकात लाख लावायचो. माल पक्का बंद झाला, असं मला वाटायचं. आत बुरशी पण पक्की यायची. मग सावलीत वाळवायला शिकलो, तर खुनातला एक सदरा मागच्या दोरीवरून आमच्या इस्त्रीवाल्याने कपड्यांच्या गठ्ठ्यात बांधला. गेटवर अडवला म्हणून वाचलो. 'डाग जाईल याची खात्री नाही हां,' तो मला वर सांगत होता.

तर मी एका साध्या फ्रीजसाठी प्रस्ताव केला. ठाण्यात फ्रीज होता, पण तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, पाहुण्यांच्या सरबतासाठी. प्रस्ताव लेखा शाखेत गेला. तिथे सावंतबाई होत्या. बाई हुशार, तोंडाने तिखट, आणि मनाने आमच्याच बाजूच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"जगदाळे, 'रक्त व तत्सम माल ठेवण्यासाठी शीतपेटी'? हे काय लिहिलंत?"

"फ्रीज, बाई."

"फर्निचरमध्ये बसत नाही. यंत्रसामग्रीत घातला तर तांत्रिक मान्यता लागते, आणि ती द्यायला आपल्याकडे तांत्रिक माणूस नाही. खाद्यपदार्थ साठवणुकीत घालू?"

"अहो, रक्त आहे ते."

"मला कळतंय रक्त आहे. सरकारला कसं सांगू? रक्ताला लेखाशीर्ष नाही."

सरकारचा पैसा नाव घातलेल्या कप्प्यांमध्ये असतो. त्या कप्प्याला लेखाशीर्ष म्हणतात. श्वानपथकाच्या कुत्र्यांच्या जेवणाला कप्पा आहे, बँडच्या पितळेला लावायच्या पॉलिशला आहे. मेलेल्या माणसाच्या रक्ताला नव्हता. मी दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी वरून एक ओळीचा शेरा आला: अशा व्यवस्थेअभावी एखादा खटला निष्फळ झाला असल्यास तसा पुरावा जोडावा. मी प्रामाणिकपणे 'निरंक' लिहून पाठवलं. प्रस्ताव निकाली.

मग मी दानशूर शोधायला निघालो. विमानतळाला जमिनी देऊन बिल्डर झालेले एक गृहस्थ भेटले. एका मिनिटात तयार. अट एकच, दारावर त्यांचा वाढदिवसाचा फोटो. मी आनंदाने साहेबांना सांगायला गेलो.

"त्यांच्या भाच्यावर आपल्याकडे मारामारीची केस आहे, माहिती आहे ना?" साहेब म्हणाले. "भाच्याचं रक्त मामाच्या फ्रीजमध्ये ठेवता? वर मामाचा फोटो?"

मला ते आधी सुचलं नव्हतं. मला बऱ्याच गोष्टी नंतर सुचतात.

अशा वेळी कासमभाईंचा फ्रीझर आला. कासमभाई उरण रोडला मासळी विकतात. मुलाकडे, आखातात, काही महिने राहायला गेले आणि मागे चोरांनी दुकानातला मोठा आडवा फ्रीझर उचलून नेला. आम्ही तो कोन गावच्या एका भंगारवाल्याकडून जप्त केला. पांढराशुभ्र, झाकणाला रबर नवं. खोलीत आणून ठेवला आणि मी सहज वायर लावून बघितली. तो गुरगुरला. त्या आवाजाने माझी मती फिरली.

जप्त केलेला माल वापरायचा नसतो. जप्त केलेल्या मोटरसायकलवर भाजी आणायला गेलेल्या हवालदाराला मी स्वतः चार गोष्टी सुनावल्या होत्या. पण माझा फ्रीझर लोककल्याणासाठी होता. तीन खटल्यांचे नमुने मी त्यात ठेवले. साहेबांनी दारातून पाहिलं, "जगदाळे, डोकं चालवलंत," म्हणाले, आणि आपण काही पाहिलं नाही अशा चेहऱ्याने गेले. माझी छाती फुगली ती बराच काळ फुगलेलीच राहिली.

आता मनीषाचं सांगतो. इथून पुढे हसण्यासारखं थोडं आहे.

मनीषा उरणकडच्या गावातली. वडील मिठागरावर होते, लवकर गेले. आई बेबीबाई शाळेत खिचडी शिजवायची. ही पळस्प्याजवळ एका गोदामात पॅकिंगला होती. एक दिवस कामावरून घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी गोदामामागच्या नाल्यात सापडली. गळ्यावर बोटं उमटलेली. संशय तिथल्या सुपरवायझरवर होता. त्याच्याबद्दल तिने आईला दोनदा सांगितलं होतं. त्याच्या मानेवर ओरखडे होते. विचारलं तर म्हणाला, मांजरीने ओरबाडलं.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या नखांखालून पुसून घेतलेले ओले बोळे नळ्यांत घातले, रक्ताची बाटली दिली, आणि तपास करणाऱ्या शिंदे मॅडमना म्हणाले, "पोरीने सोडलेलं नाही त्याला. नखांत बरंच आहे. गारव्यात न्या." पाहणारा साक्षीदार कुणी नव्हता. नखांखाली सुपरवायझरची कातडी निघाली तर मांजर खोटं ठरणार होतं. सगळी केस त्या नळ्यांत होती.

मॅडम फौजदार म्हणून नव्या होत्या, मला काका म्हणायच्या. नळ्यांचा स्टीलचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "काका, हे जपा. माझ्याकडे दुसरं काही नाही."

"मॅडम, आपल्याकडे फ्रीझर आहे," मी म्हणालो. हे म्हणताना मी डोळे बारीक केले होते, मला आठवतंय.

डबा दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत गेला आणि संध्याकाळी परत आला. दवाखान्याच्या शिक्क्याचा नमुना पत्रावर जोडायचा राहिला होता, आणि शिक्का ज्यांच्या ताब्यात ते डॉक्टर लांब रजेवर गावी. ते येईपर्यंत डबा फ्रीझरच्या तळाशी, वर बर्फाच्या पिशव्या.

बेबीबाई दर आठवड्याला यायची. शाळेची खिचडी आटपून, पदराला हात पुसत. बाकावर बसायची नाही. खोलीच्या दाराशी उभी राहायची.

"सायेब, माज्या पोरीचा ता हाय ना जाग्यावर?"

"आहे बाई. काळजी करू नका."

"मना दावा."

"सील आहे. उघडता येत नाही."

"उगडू नुको. मी बाहेरशीच बगतंय."

नियमाने तिला आत घ्यायचं नव्हतं. मी घेतलं. नियम मोडण्याची मला त्या काळात चटक लागली होती. ती फ्रीझरपाशी गेली, झाकणावर तळहात टेकला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "गुरगुरतंय चांगला." आणि गेली.

त्यानंतर आमची वार्षिक तपासणी आली. तपासणी म्हणजे आमच्याकडचं लग्नघर. झाडांना गेरू, दगडांना चुना, माणसांना दाढी. वरून हुकूम आला की साठलेला मुद्देमाल निम्म्यावर आणा. आणि नुसता द्यायचा नाही, लोकांना समारंभात परत द्यायचा. असे कार्यक्रम तुम्ही पेपरात पाहिले असतील: मंडप, बॅनर, मागे मोटरसायकलींची रांग, मोठे अधिकारी एखाद्या बाईच्या हातात मंगळसूत्र देतायत, बाई रडतेय, आम्ही टाळ्या वाजवतोय. कासमभाई परत आले होते आणि फ्रीझर त्यांच्या ताब्यात देण्याचा कोर्टाचा हुकूमही आला होता. कार्यक्रमात दिसायला फ्रीझरएवढी भरदार वस्तू दुसरी नव्हती. मी स्वतः तो मंचाच्या उजव्या अंगाला मांडायला सांगितला.

बाकीच्या तीन खटल्यांचे नमुने तोवर प्रयोगशाळेत गेले होते. त्यामुळे डोक्यात एकच, फ्रीझर रिकामा झाला. मी सकाळी झाकण उघडून पाहिलं, हेही खरं. वर बर्फाच्या पिशव्या दिसल्या. त्या काढायला हात घातला तेवढ्यात मंडपवाला ओरडला, "साहेब, फुगे कुठल्या रंगाचे लावू?"

"खात्याचे," मी म्हणालो. "लाल आणि निळे."

आणि झाकण लावलं. फोटोत मध्येच उघडायला नको म्हणून रुंद टेप मारली. वरून हार.

मे महिना होता. मंडपाचं कापड पातळ. प्रमुख पाहुणे रस्त्यात अडकले, मग दुसऱ्या कार्यक्रमाला थांबले. आम्ही सकाळपासून दुपार कलेपर्यंत त्या मांडवात बसलो. माझा गणवेश घामाने पाठीला चिकटला होता. पाणी आणवलं, पंखे आणवले, सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांना दोनदा ताक पाजलं. उन्हाने सगळ्यांचं काय होतंय याची मी फार काळजी घेतली. फ्रीझर हार घालून, वायर गुंडाळून, उन्हाच्या पट्ट्यात उभा होता.

पाहुणे आले. कासमभाई पांढरी टोपी घालून, अत्तर लावून मंचावर गेले. पाहुण्यांनी विचारलं, "काय, आता खूश ना?"

"खूश तर आहे, साहब. पण आत रमजानसाठी सुरमई ठेवली होती, ती नाही मिळाली."

मांडव हसला. मी सगळ्यांत जोरात हसलो.

संध्याकाळी कासमभाईंचे फोन यायला लागले. एक, दुसरा, तिसरा. मी उचलले नाहीत. मंचावरून उतरताना ते मला म्हणाले होते, "तुम्हाला सुरमई पाठवतो." मला वाटलं, तीच घेऊन मागे लागलेत. बायकोला म्हणालो सुद्धा, "बघ, लोक द्यायला बघतात, पण मी कुणाचं फुकटचं खात नाही." आणि मोबाइल बंद करून ठेवला. माझ्या आयुष्यातला प्रामाणिकपणाचा हा सर्वांत महागडा प्रसंग.

सकाळी ठाण्यात निरोप होता: कासमभाईंकडे तुमचा डबा आहे. कुठला डबा हे मला सांगावं लागलं नाही. मी मोटरसायकल कशी चालवली ते आठवत नाही.

कासमभाई दुकानाच्या पायरीवर बसले होते. बाजूला मासळीचे क्रेट, वर वितळत आलेला बर्फ, माश्या. आत फ्रीझर चालू होता. त्यांनी उठून झाकण उघडलं. एवढ्या मोठ्या पेटीत फक्त आमचा डबा, लाखेच्या शिक्क्यासकट, खाली स्वच्छ पंचा अंथरलेला.

"काल आणला तेव्हा आत सगळं पाणी, साहब. डबा पाण्यात तरंगत होता. मी लगेच मशीन चालू केली. तुम्हाला फोन लावला, तुम्ही घेत नाही. ठाण्यात लावला. ते म्हणाले, जगदाळेंचा विषय आहे, उद्या बघतील."

"आणि ही मासळी बाहेर का?"

"डब्यावर नाव वाचलं. मयत मनीषा." त्यांनी झाकण हलकेच लावलं. "कुणाच्या तरी बच्चीची मय्यत आहे. तिच्या बाजूला पापलेट कसं ठेवू?"

एका लग्नाची ऑर्डर होती त्यांच्याकडे. सगळा माल उतरत्या भावाने गेला. मी भरपाईचं काहीतरी पुटपुटलो, तर ते म्हणाले, "ते राहू द्या. डबा घेऊन जा लवकर. आणि साहब, फोन घेत जा."

ठाण्यात साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "डबा आला ना? सील शाबूत आहे ना? मग गावभर सांगत फिरायचं कारण नाही."

शिंदे मॅडम उभ्याच होत्या. "साहेब, कासमभाईंनी ठाण्यात फोन केलेत. आरोपीचा वकील ते काढेल. लपवलं तर माझी बाकीची कागदपत्रंही खोटी ठरतील. मी दुकानावर जाऊन पंचनामा करणार आहे."

आता वाचकांना वाटेल, जगदाळे मॅडमच्या बाजूने पुढे झाले असतील. जगदाळे साहेबांच्या खुर्चीमागे उभे होते, आणि मनातून म्हणत होते की साहेब वडीलधारे आहेत, त्यांचं ऐकावं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 'काका' म्हणाल्या नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी पंचनामा केला, डबा त्याच दिवशी स्वतः बसून प्रयोगशाळेत नेला.

उत्तर यायला बरेच महिने लागले. आलं ते एका वाक्याचं: नमुना कुजल्यामुळे निष्कर्ष देता येत नाही.

खटला अलिबागच्या कोर्टात उभा राहिला. माझी साक्ष झाली. आरोपीचे वकील सभ्य माणूस. आवाज चढवला नाही की बोट दाखवलं नाही. त्याची गरजच नव्हती.

"जगदाळे, हा फ्रीझर पोलीस खात्याचा होता?"

"नाही."

"मग कुणाचा?"

"कासमभाईंचा."

"त्यांचा व्यवसाय?"

"मासळीचा."

"म्हणजे तुमच्याकडे येण्यापूर्वी त्यात काय होतं?"

"सुरमई."

कोर्टात कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"नमुने आत असताना तुम्ही तो समारंभात ठेवलात. किती वेळ उन्हात होता?"

"बराच."

"त्याच्यावर काही होतं?"

मला कळेना. "झाकण होतं, टेप होती."

"आणखी?"

"हार होता," मी म्हणालो. "झेंडूचा."

ते बसले. बेबीबाई मागच्या बाकावर होती. तिला बसायला सांगावं लागलं होतं. मी पिंजऱ्यातून उतरताना तिच्या समोरून गेलो. तिने मान खाली घातली होती, मला वाटलं रडतेय. ती पदराचा दोरा काढत होती.

सुपरवायझर संशयाच्या फायद्यावर सुटला. ओरखडे होते, पण ओरखडे कुणाचे हे सांगणारं काही उरलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने ते मांजर खरं ठरलं. सरकारने अपील केलं आहे म्हणतात. अपिलात नवीन नखं येणार नाहीत. हा माणूस पळस्प्याच्या बाजूलाच दुसऱ्या गोदामात लागला. बेबीबाईची एसटी त्याच रस्त्याने जाते.

निकालात माझ्यावर एक पूर्ण परिच्छेद होता. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, आणि 'हास्यास्पद' हा शब्दही. माझी वेतनवाढ रोखली गेली, ते योग्यच झालं. मी स्वतःला बंदोबस्ताच्या ड्युटीवर मागून घेतलं. मुद्देमालाच्या खोलीकडे बघवत नव्हतं असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं म्हणजे तिकडे गेलं की लोक मासळीचा भाव विचारायचे.

एक दिवस लेखा शाखेतून सावंतबाईंचा फोन. "जगदाळे, त्या निकालाची प्रत आणा. तुमच्यावरचा परिच्छेद आहे ना, तो."

"बाई, तुम्ही पण?"

"थट्टा नाही करत. मागच्या प्रस्तावावर शेरा होता, खटला निष्फळ झाल्याचा पुरावा जोडा. आता आहे पुरावा. कोर्टाचे ताशेरे असले की वरचे हलतात. नियोजन समितीत घालते."

मी प्रत घेऊन गेलो. बाईंनी पट्टी ठेवून माझ्या नावाखाली लाल रेघा मारल्या, एकही ओळ सोडली नाही. प्रस्ताव वर गेला. तिसऱ्यांदा. पूर्वी चांगल्या शब्दांत मागितलं तेव्हा एका फ्रीजची मागणी दोनदा परत आली होती. या वेळी परिमंडळातल्या सगळ्या ठाण्यांसाठी शीतगृह मंजूर झालं: उभी कपाटं, जनरेटर, तापमान वाढलं की किंचाळणारी घंटा, दोन वेगळ्या माणसांकडे दोन किल्ल्या. रक्ताला लेखाशीर्ष मिळालं. ते माझ्या परिच्छेदातून निघालं.

बाईंना मी म्हणालो, "म्हणजे माझ्यामुळेच झालं म्हणायचं."

"तुमच्यामुळे नाही," त्यांनी फाइल बांधत सांगितलं. "तिच्यामुळे."

शीतगृहाचं उद्घाटन झालं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तरी निमंत्रण आलं. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, शीतगृहासाठी सातत्याने पाठपुरावा केल्याबद्दल श्री. जगदाळे यांचा सत्कार. पत्रिका छापणाऱ्याला निकाल माहीत नसावा, किंवा माहीत असेल आणि सभ्यपणे विसरला असेल. नको म्हणून कळवायला हवं होतं. मी इस्त्रीचा शर्ट काढला. बायको म्हणाली, "जाताय खरं?" मी म्हणालो, "न गेलो तर बरं दिसणार नाही." कुणाला बरं दिसणार नाही, ते तिने विचारलं नाही.

मंडप होता, फुगे होते. रंग विचारायची जबाबदारी माझ्यावर नव्हती. मला शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. उतरताना पाहिलं तर शिंदे मॅडम बाजूला उभ्या, त्यांच्याजवळ बेबीबाई. मॅडमनीच तिला बोलावलं होतं. पळून जायला माझे गुडघे तयार नव्हते, म्हणून मी तिच्याकडे गेलो.

मॅडम म्हणाल्या, "जगदाळे, यांना दाखवा आत काय काय आहे ते."

मी दाखवलं. फार नीट दाखवलं. कपाटं, आकडे दाखवणारी काच, घंटा कशी वाजते, वीज गेली तर जनरेटर कसा आपोआप चालू होतो. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. एका कपाटाशी थांबून तिने विचारलं, "आता ह्यात कोनाचा हाय?"

"तीन ठाण्यांचं आहे. एका मुलीचं पण आहे, कळंबोलीकडच्या."

"तिची आई येतं?"

"येते म्हणतात."

बाहेर माईकवर आभार चालले होते, माझं नाव पुन्हा घेतलं गेलं. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "बाई, मनीषाचं जे झालं ते झालं. पण तिच्यामुळे हे उभं राहिलं. पुढच्या पोरींचं तरी..."

वाक्य पुरं करता आलं नाही, कारण ती माझ्या शालीकडे बघत होती. तिने शालीचं टोक दोन बोटांत धरलं, कापड कसं आहे ते पाहावं तसं, आणि सोडून दिलं.

"ही त्या मच्छीवाल्याला घालाची व्हती," ती म्हणाली. "माज्या पोरीसाटी त्यानी आपली मच्छी बाहेर काडली. तुमी तिला उनात ठेवून टाल्या वाजवत व्हताव."